सासरची काडी

आमच्या फाटकाला कुलूप लागलं ते बाहेरून. आम्ही सगळे आत, रोपं आत, आणि किल्ली बाहेर उभ्या असलेल्या एका पोरीच्या खिशात.

ही पोरगी पहिल्यांदा आली तेव्हा मला वाटलं, गिऱ्हाईक आहे. मी विचारलं, "लिंबू हवंय की संत्रं? कुंडीत लावायचं की जमिनीत?" ती म्हणाली, "पानं हवीत. तुमच्या प्रत्येक मातृवृक्षाची थोडी थोडी." ज्या झाडांवरून डोळे काढून आम्ही कलमं बांधतो ती मातृवृक्ष. नर्सरीच्या परवान्यासाठी त्यांची पानं तपासायला नेतातच, म्हणून मी मनावर घेतलं नाही. नवरा गेल्यावर ही नर्सरी मी चालवली. आसपासच्या बागांमध्ये फळांवर काळे ठिपके पडायला लागले, लोक कपाळाला हात लावून बसले, तेव्हाही माझ्या आवारात ठिपका शिरला नाही. मी शिरू दिला नाही. त्यामुळे पानं न्या म्हटलं, हवी तेवढी न्या, प्रयोगशाळेत हार घालून ठेवा.

पानं घेऊन गेली आणि कुलूप घेऊन परत आली.

तिने नाव सांगितलं होतं, पण आमच्या घरात ती त्या दिवसापासून बुरशीवाली झाली. झाडांना लागणाऱ्या बुरशांचाच अभ्यास करते. पान कुटायचं, त्यातून बुरशीची जनुकं वेगळी काढायची आणि यंत्रात घालून वाचायची. मला दोन ओळी वाचायला चष्मा आणि अर्धी सकाळ लागते; ही बुरशीचं पोट वाचते.

"पानावर डाग दाखव मला," मी म्हटलं. "एक डाग दाखव, मी स्वतः कुलूप लावून देते."

"डाग नाहीतच, बाई. पान जिवंत असेपर्यंत ही बुरशी काही दाखवत नाही. पान गळून पडलं की मग तिचं काम सुरू होतं."

"म्हणजे माझ्या जावेसारखी. तोंडावर सगळं गोड."

ती हसली नाही. माझा मुलगा शेजारी उभा होता, तोही हसला नाही. त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. बागायतदार रोपं न्यायला येणार होते, गाड्या ठरल्या होत्या. ती म्हणाली, पान, माती, कात्री, कुदळ, काही बाहेर जाणार नाही. माणसं जाऊ शकतात, पण फाटकाशी तंबू आहे, त्यात डोक्यावरून आंघोळ करायची, आपले कपडे नि चपला तिथेच ठेवायच्या आणि त्यांनी दिलेले कपडे घालून बाहेर पडायचं.

"मी माझ्या फाटकातून दुसऱ्याच्या कपड्यांत बाहेर पडणार नाही," मी म्हटलं.

"मग आत राहावं लागेल."

"राहीन की. माझंच घर आहे."

बोलले खरी. आमचं घर नर्सरीच्या मधोमध आहे. पुढे रोपांच्या पिशव्यांच्या रांगा, मागे शेडनेट, भोवती भिंत. लग्न होऊन आल्यापासून ही भिंत मला कधी दिसलीच नव्हती. आता सकाळी खिडकी उघडली की आधी भिंत दिसायची, मग आकाश. मुलगा तंबूतून जायचा-यायचा, सूनबाई जायची-यायची. दोघंही ढगळ निळ्या कपड्यांत परतायची आणि सून म्हणायची, "आई, एकदा जाऊन तर या. नुसतं कोपऱ्यापर्यंत." मी म्हणायचे, "कोपरा कुठे पळून चाललाय?" पण दुपारी सगळे पांगले की फाटकापर्यंत जायचे, कुलूप हलवून बघायचे आणि कुणी बघितलं तर गंज पुसत होते असं दाखवायचे.

रोपं पाणी मागत होती आणि आम्ही पाणी घालत होतो. तपास संपला की जी जाळणार, त्याच रोपांना. सगळ्यात वाईट तेच.

एके सकाळी बुरशीवाली ओट्यावर टेकली. पांढरा पोशाख, हातमोजे, कपाळावर घाम. मी पाणी दिलं. शत्रूलाही पाणी देतात. मग म्हटलं, "आता मला समजेल असं सांग. आजूबाजूच्या सगळ्या बागांत ठिपका आहे, त्यांना कुलूप नाही. माझ्याकडे ठिपका नाही, आणि मी कोंडलेली. हा कुठला न्याय?"

"आजूबाजूचा ठिपका एका प्रकारचा आहे," ती म्हणाली. "या बुरशीत दोन प्रकार असतात. नर-मादी नाही म्हणता येणार, पण वेगवेगळ्या प्रकारचे दोन भेटले तरच त्यांना पुढची पिढी होते. एकाच प्रकारच्या दोघांचं जमत नाही."

"सगोत्र म्हणजे."

"हो. अगदी तसंच समजा. आपल्या देशात इतकी वर्षं एकच गोत्र होतं. त्यामुळे ही बुरशी पावसाच्या थेंबाबरोबर वरच्या फांदीवरून खालच्या फांदीवर जायची, फार तर शेजारच्या झाडावर. हळूहळू. औषध मारलं की आटोक्यात यायची. पण दोन्ही गोत्रं जमिनीवर पडलेल्या एका पानात भेटली, तर त्यांची जी संतती होते ती वाऱ्यावर उडते. कोसच्या कोस. आणि त्यातली प्रत्येक वेगळी. एखादी अशी निघते की कुठल्याच औषधाला जुमानत नाही."

"आणि माझ्याकडे काय सापडलं?"

"दुसरं गोत्र. तुम्ही विकलेली रोपंही तपासली; देशात दुसरीकडे कुठेही सापडलेलं नाही. फक्त या भिंतींच्या आत."

म्हटलं, "म्हणजे नवरदेव माझ्या घरात, आणि नवऱ्या गावभर."

"म्हणून कुलूप," ती म्हणाली.

"मुलींसाठी स्थळं शोधताना चपला झिजवल्या मी. तेव्हा एक मिळेना. आणि आता मिळाला तो कोंडून ठेवायचा!"

या वेळी मात्र ती हसली. पाणी संपवलं आणि म्हणाली, "तो आला कुठून, तेवढं कळलं पाहिजे."

त्यानंतर ती झाडामागून झाड तपासत सुटली. पानं न्यायची, परत यायची, झाडाला पिवळी फीत बांधायची किंवा नाही बांधायची. फितींचं वर्तुळ आक्रसत आक्रसत स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी आलं, तेव्हा मी त्या खिडकीतून हलेनाशी झाले. कारण तिथे गोताचं झाड होतं.

गोताचं झाड म्हणजे आमच्या घराचं मोठेपण. या घरातून मुलगी लग्न होऊन गेली की पहिल्या माहेरपणाला ती सासरच्या अंगणातली एक डोळकाडी, म्हणजे कलमाचे डोळे असलेली काडी, घेऊन येते. संत्रं असो, लिंबू असो, पपनस असो, काहीही. तिचे डोळे आम्ही या एकाच झाडावर भरतो. माझ्या आतेसासूची फांदी आहे, नणंदांच्या आहेत, माझ्या मोठ्या लेकीची आहे, धाकटीची आहे. एका बुंध्यावर सगळी सासरं. फळांच्या दिवसांत येणारा-जाणारा उभा राहून बघतो. आणि काडी कधी सगळी एका ठिकाणी ठेवायची नाही, अर्धी बहिणीला द्यायची, ही सासूबाईंची शिस्त. म्हणायच्या, एकीचं झाड वठलं तर दुसरीकडे सासर जिवंत राहिलं पाहिजे. नर्सरीवाल्यांचीच अक्कल ही. दुसरं कुणी काडी आणेल आणि कुंडीत खोचून मोकळं होईल. आम्ही वाटून घेतो.

बुरशीवालीने त्या झाडाच्या प्रत्येक फांदीची पानं वेगवेगळ्या पिशवीत नेली. परत आली ती थेट धाकटीच्या फांदीशी जाऊन उभी राहिली.

"ही कुणाची?"

"घरचीच," मी म्हटलं.

"बाई, या फांदीत तो सगळ्यात जास्त मुरलेला आहे. बाकीच्या रोपांत इथूनच गेला. आणि त्याची जनुकं पलीकडच्या देशातल्या एका खोऱ्यातल्या बुरशीशी जुळतात. त्यांच्याकडे दोन्ही गोत्रं आहेत, त्यामुळे प्रत्येक खोऱ्याची बुरशी निराळी, अंगठ्याच्या ठशासारखी. हा ठसा तिथलाच." आणि तिने त्या खोऱ्याचं नाव घेतलं.

धाकटीचं सासर तिथे आहे.

माझ्या तोंडून निघालं, "मीच आणली ती काडी."

"तुम्ही पलीकडे कधी गेला होतात?"

"गेले होते एकदा."

"पासपोर्ट आहे तुमच्याकडे?"

सूनबाई दारात उभी राहून पदराआड खोकली. नंतर तिला चांगलं ऐकवलं मी, खोकल्याचं.

बुरशीवाली मला टाकून बोलली नाही. उलट आवाज खाली आणून म्हणाली, "सीमेवरून चोरून झाडाची काडी आणणाऱ्याला परत या देशात पाऊल ठेवू देत नाहीत. स्वतःहून कबूल केलं तर सुनावणी होते, बंदी कमी होऊ शकते. पण सुनावणी होईपर्यंत आत येता येत नाही. ते माझ्या हातात नाही. मला जे कळेल ते त्याच दिवशी वर कळवावं लागतं. म्हणून विचार करून बोला."

विचार! धाकटीला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण. महिनाअखेरीस ती माझ्याकडे यायची होती. खोली सारवून-सावरून ठेवली होती, पाळण्याच्या दोऱ्या बदलल्या होत्या. बाळंतपण सासरी नको, असं तीच म्हणाली होती, फोनवर, हळू आवाजात, म्हणजे विहीणबाई आसपास असणार. त्या बाईशी मी आजवर एक अक्षर बोललेली नाही. लग्न त्यांनी तिकडेच उरकलं, आम्हाला नंतर कळवलं. मुलाकडची असली म्हणून काय झालं, फोन तिने करायचा होता. मी मुलगी दिली आहे, मान नाही दिला.

बुरशीवाली गेल्यावर मी धाकटीला फोन लावला.

"आई! तुला सांगणारच होते, तो आतून अशी लाथ मारतो ना—"

"काडी कुठून आणलीस?"

"कुठली काडी?"

"माझ्याशी चाळे करू नकोस. तू म्हणालीस, सीमेच्या अलीकडे चुलतसासरे राहतात, त्यांच्या अंगणातल्या झाडाची. सासरचीही झाली आणि कायद्यातही बसली. मी चार बायकांना कौतुकाने सांगितलं. आता खरं बोल."

ती म्हणाली, "चुलतसासऱ्यांच्या अंगणात फरशी आहे, आई. झाडच नाही."

"मग?"

"आमच्याच दारातली. छत्रीच्या दांड्यात घालून आणली. सगळ्यांच्या काड्या आहेत त्या झाडावर. मी एकटीच हात हलवत आले असते, तर तू काय म्हणाली असतीस?"

काय म्हणाले असते ते मला माहीत आहे आणि तिलाही माहीत आहे. त्यावर वेळ घालवला नाही. मी तिला कुलुपाचं सगळं सांगितलं, दोन गोत्रांचं सांगितलं. बंदीचं नाही सांगितलं. जीभ उचलली नाही. ती रडायला लागली, म्हणाली, "मला माहीत नव्हतं गं. पान किती हिरवं होतं."

"कुणाला सांगू नकोस," मी म्हटलं. "येऊन पोच. मग बघू."

असं ठरवलं मी. तोंड शिवायचं. बुरशीवालीला झाड सापडलं, फांदी सापडली, जाळू दे. माझी नर्सरी गेली तर गेली, ती माझी होती. लेक घरी येईल, बाळंत होईल, मग सांगू काय सांगायचं ते. खिडकीत उभी राहून मी त्या फांदीकडे बघायचे. चकचकीत पानं, एक डाग नाही. इतका राग कुणा माणसाचाही नसेल आला मला.

त्यात मोठीचा फोन. मोठीचं सासर जवळच, एका बसच्या अंतरावर, आणि त्यांची संत्र्याची बाग मोठी आहे. जुनी, ठिपका असलेली. रोज औषध मारतात, पिकवतात, पोट भरतात.

"आई, कोंडून घेतलंस म्हणे स्वतःला? तंबूत जायला लाजतेस?"

"लाजायला मी काय नवी नवरी आहे? बोल काय ते."

"काही नाही गं. आमच्याकडे नवी पालवी फुटतेय, जुनी पानं गळायला लागलीत. सगळी जमीन पानांनी भरलीय. तुझी आठवण आली, तू म्हणायचीस ना, पाचोळा झाडाखालीच राहू द्यावा, जमीन ओली राहते."

मी फोन कानाला धरून उभी राहिले. काडी वाटून घेतात. धाकटीच्या काडीची अर्धी मोठीकडे गेली होती. माझ्या मुलानेच पट्टी बांधून ओल्या फडक्यात दिली होती. तिच्या बागेत मधल्या रांगेत ती फांदी आहे, आणि भोवती सगळी जुनी, दुसऱ्या गोत्राची बुरशी घेऊन उभी असलेली झाडं. आता त्या सगळ्यांची पानं एकमेकांवर पडत होती.

"पाचोळा उचल," मी म्हटलं.

"काय?"

"नको, उचलूही नकोस. हात लावू नकोस. पाणी देऊ नकोस बागेला."

"आई, बरी आहेस ना? कोंडून राहून डोकं फिरलं का तुझं?"

दुसऱ्या दिवशी बुरशीवाली आली तेव्हा मी तिला ओट्यावर बसवलं. घास तोंडात फिरावा तसा शब्द तोंडात फिरत होता.

"समजा," मी म्हटलं, "समजा हं, त्या फांदीचे डोळे अजून एखाद्या बागेत गेले असले."

ती ताठ झाली. "कुठल्या?"

"समजा म्हटलं मी. तर काय करशील?"

"पानं गळायला लागलीत का तिथे?"

"समजा, लागलीत."

तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "मग वेळ नाही. गळलेलं पान ओलं होऊन सुकलं, परत ओलं झालं, असं होत राहिलं की आत दोघं भेटतात. एकदा भेटले की आपण काही करू शकत नाही. आज कळलं तर आजच पाचोळा झाकता येईल."

"आणि बाग?"

"ते दोन गोष्टींवर आहे. बुरशी कुठून, कशी, किती वेळा आली हे नक्की असेल, तर ती फांदी, तिच्या आजूबाजूची झाडं आणि खालचा पाचोळा, एवढंच जाळतात. ते नक्की नसेल, तर सगळी बाग मुळासकट. कारण अजून कुठे काय असेल सांगता येत नाही."

"तुझं यंत्र सांगत नाही का? जनुकं वाचतेस ना?"

"सांगतं. सगळ्या पानांत हुबेहूब एकच बुरशी आहे, म्हणजे एकदाच आली, एकाच काडीतून. पण यंत्राचं बोलणं पुरं धरत नाहीत, बाई. ज्याने आणली त्याचं बोलणं लागतं. एकच काडी होती, अमुक झाडाची होती, दुसरी आणली नाही, असं त्याने स्वतः सांगितलं आणि ते जनुकांशी जुळलं, तर बाग वाचते."

म्हणजे अशी गाठ. गप्प बसले तर धाकटी घरी येते आणि मोठीच्या पाचोळ्यात लग्न लागतं. बागेचं तेवढं सांगितलं आणि धाकटीचं लपवलं, तर मोठीची बाग मुळासकट जाते. तिचा नवरा, सासू-सासरे, सगळं घर त्या बागेवर आहे. आणि दोन्ही सांगितलं तर माझी पोर सीमेच्या पलीकडे बाळंत होते, माझ्याविना. भिंतीला तरी फाटक असतं.

"ती येऊन बाळंत होईपर्यंत थांब," मी म्हटलं. आयुष्यात मी कुणाला विनवलेलं नाही, त्यामुळे ते विनवल्यासारखं वाटलंही नसेल. "मूल झालं की मी स्वतः तिला तुझ्यापुढे उभी करते."

तिला कळलं. कोण, कुठली, सगळं एका दमात कळलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, फांदीकडे बघत बसली. म्हणाली, "बाई, मी ऐकलं नाही असं म्हणू शकते. पण पानं थांबणार नाहीत."

"तुला मुलं आहेत?"

"नाही."

"मग सोपंय तुला."

"आई आहे," ती म्हणाली. "ती पण तुमच्यासारखीच बोलते."

मी आत गेले. मुलाला हाक मारली नाही, सुनेला विचारलं नाही. विचारलं असतं तर दोघं माझं तोंड बघत बसले असते. या घरात निर्णय मीच घेते असं मीच शिकवलंय त्यांना. फोन घेतला आणि परत ओट्यावर येऊन, बुरशीवालीच्या शेजारी बसून लावला.

"आई! मी आत्ताच बॅग काढली बघ—"

"बॅग ठेव खाली. बसलीस? बस आधी. ऐक. तुझ्या काडीची अर्धी मोठीच्या बागेत आहे आणि तिथे पानं गळतायत. माझ्याशेजारी ती बुरशीची मुलगी बसली आहे. ती विचारेल ते खरं सांगायचं. कुठल्या झाडाची, किती काड्या, कशात घालून. खोटं बोललीस तर मोठीचं घर उठेल."

"आणि खरं बोलले तर?"

माझी पोर आहे, नेमकं विचारलं.

"तर तुला इकडे येता येणार नाही," मी म्हटलं. "सुनावणी होईपर्यंत. आणि ती काही तुझ्या पोटाला विचारून होणार नाही."

ती म्हणाली, "तू ये मग."

मी बुरशीवालीकडे बघितलं. तिला ऐकू गेलं होतं. तिने मान हलवली. कुलूप असलेल्या आवारातल्या माणसाला पलीकडचे लोक आत घेत नाहीत, आवार स्वच्छ ठरेपर्यंत. आमच्या मातीला किती काळ लागेल ते तिलाही माहीत नव्हतं.

"मला येता येत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे तू आत आणि मी बाहेर."

"हो."

"दे तिला फोन," धाकटी म्हणाली.

बुरशीवालीने तिला एकदाही दरडावलं नाही, हे सांगितलं पाहिजे. एकच काडी. दारातलं झाड, उगवतीकडची फांदी. छत्रीचा दांडा. सगळं जुळलं. फोन ठेवायच्या आत तिने दुसऱ्या फोनवरून माणसं मोठीच्या बागेत पाठवली. संध्याकाळपर्यंत ती मधली रांग ताडपत्रीखाली गेली. फांदी, आजूबाजूची झाडं आणि पाचोळा जाळला. बाकीची बाग उभी आहे, पहाऱ्यात का होईना. कुटलेल्या पाचोळ्यात दोन्ही गोत्रं सापडली, पण वेगवेगळ्या पानांत. भेट झाली नव्हती. मोठीने मला फोन करून एवढंच म्हटलं, "तू तिला सांगायला लावलंस." आभार होते की ठपका, मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.

गोताचं झाड त्यांनी मुळासकट काढलं. मी खिडकी लावून घेतली नाही. लावली असती तर म्हणाले असते, म्हातारी खचली.

त्याच दिवशी धाकटीचा फोन आला, पण बोलता येईना तिला, नुसते हुंदके. मी चार वेळा म्हटलं, पाणी पी. मग मी म्हटलं, "तुझ्या सासूला दे."

हुंदके एकदम थांबले. "कुणाला?"

"सासू एकच आहे ना तुला? दे."

खूप वेळ खुडबुड ऐकू आली. मग एक जाड, घोगरा आवाज. "कोण?"

"मी. तुमच्या सुनेची आई."

"हां, बोला. इतकी वर्षं फोन बिघडला होता का?"

"आमचा नाही. तुमचाच असेल."

"आमचा तर बरा चालतो," विहीणबाई म्हणाल्या. "रोज चालतो. तुमची मुलगी तासन्‌तास तुमच्याशीच बोलते."

ठेवून द्यावा असं दहादा वाटलं. उभ्या जन्मात कुणी मला असं ऐकवून सुखाने झोपलेलं नाही. पण माझी लेक त्या खोलीत होती आणि ही बाईही त्या खोलीत होती. मी तिथे नव्हते, आणि असणारही नव्हते.

"ऐका," मी म्हटलं. "ती घाबरली की सांगत नाही. उलट भांडते. तुमच्याशी भांडली तर ते घाबरणं समजा. एका कुशीवर झोपते, दुसरीवर वळवू नका. आणि कळा सुरू झाल्या तरी ती ओरडणार नाही. तिला दुखलं की ती हसते. लहानपणी हात मोडला तेव्हा हसत घरी आली होती, म्हणून आम्हाला उशिरा कळलं. हसायला लागली की लगेच दवाखान्यात न्या."

पलीकडे खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला.

"हसते होय?" त्या म्हणाल्या. "या घरात ती कधी हसलेली नाही अजून. ऐकलं तर ओळखेन."

ते लागलं मला, आणि त्यांनाही ते बोलताना लागलं असावं, कारण त्यांनी लगेच विषय बदलला. "आमच्या दारातल्या झाडाला फार नावं ठेवली म्हणे तुमच्या सरकारने?"

"झाडाला नाही. ठिपक्याला."

"फळ धरलं होतं का तिकडे?"

"धरलं होतं." मग म्हटलं, कशाला लपवा, खरं आहे ते आहे. "गोड होतं. आमच्या सगळ्या फांद्यांत गोड."

"माझ्या सासूने लावलेलं," त्या म्हणाल्या. "काढा म्हणतायत आता. बघू." मागे धाकटी काहीतरी विचारत होती, त्यांनी तिला गप्प केलं. जोरात नाही. "बरं. अजून काय काय आहे तिचं, ते एकदम लक्षात राहायचं नाही माझ्या. उद्या परत फोन केला तर चालेल? की कुठे जाणार आहात?"

बाहेर फाटकाशी तंबूतलं पाणी बदलण्याचा आवाज येत होता.

"करा," मी म्हटलं. "मी घरीच आहे."